टॅली प्राइमचा एज्युकेशनल मोड: बीए, बीएस्सी करून अकाउंट्सकडे वळणाऱ्यांसाठी

टॅली प्राइम हे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर. क्लासची फी भरण्याआधी त्याचा एज्युकेशनल, म्हणजे सरावाचा मोड वापरून बघाच. तो फुकट आहे. प्रोग्रॅम डाउनलोड करायचा आणि सुरू करताना एज्युकेशनल मोड निवडायचा. अडचण तारखांची: व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच टाकता येतं. त्यामुळे बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवण्याचा, खरा सराव इथे होत नाही, तो कागदावर करावा लागतो.

बाकी शिकायला भरपूर आहे. खात्यांचे तयार २८ ग्रुप मिळतात आणि नवख्यांची चूक नेमकी तिथेच होते. इनपुट जीएसटीचं (खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं) लेजर, म्हणजे खातं, 'ड्यूटीज अँड टॅक्सेस'ऐवजी 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये उघडलं, की ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बेरजांचा ताळा) जुळतो, पण नफा तेवढ्याने कमी दिसतो. म्हणून नुसता ट्रायल जुळला यावर कधीच विसंबू नका. प्रत्येक लेजरचा ग्रुप तपासा.

आता कीबोर्डच्या कळा. रोकड बँकेत भरली तर एफ ४, म्हणजे काँट्रा (रोकड आणि बँक यांच्यातला व्यवहार). पेमेंटचं एफ ५ नव्हे. एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. माउसला हात न लावता एका किराणा दुकानाची पन्नास बिलं टाकून बघा. डेबिट-क्रेडिट कच्चं असेल तर मात्र आधी अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक घ्या, डेबिट-क्रेडिट काही सॉफ्टवेअर शिकवत नाही.