वीजबचतीच्या नावाखाली १,१८,४०० रुपये: घरच्या ऑटोमेशन सर्व्हरच्या कामात झालेली फसवणूक

घरातील दिवे-पंप आपोआप चालवणारा संगणक, म्हणजे ऑटोमेशन सर्व्हर, बदलून नेटवर्क सुधारून देतो आणि विजेचे बिल खाली आणतो, असे सांगणाऱ्या एका व्यावसायिकाला मी एकूण १,१८,४०० रुपये दिले. सर्व्हरचे ४६,५००, नेटवर्कच्या कामाचे २७,८००, प्रत्येकी ४,९०० रुपयांच्या तीन वीजबचत पेट्यांचे १४,७००, सॉफ्टवेअरच्या परवान्याचे १८,००० आणि दोन वर्षांच्या देखभालीचे ११,४०० अशी ही विभागणी आहे. आकडे मुद्दाम सुटे लिहिले आहेत, कारण प्रत्येक रकमेमागची लबाडी वेगळी आहे आणि पुढच्या माणसाला ती ओळखता आली पाहिजे.

नाशिकमधील आमच्या रो-हाउसमध्ये पाण्याचा पंप, दिवे आणि कॅमेरे रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर चालणाऱ्या होम असिस्टंट या ऑटोमेशन सॉफ्टवेअरला जोडलेले होते. मेमरी कार्ड वरचेवर खराब होत असे, बाहेरगावी असताना पंप बंद करता येत नसे आणि दार-खिडक्यांचे झिग्बी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) सेन्सर मधूनच संपर्क सोडत. या अडचणी खऱ्या होत्या. हा माणूस कॉलनीतल्या दोन घरांच्या शिफारशीने आला आणि त्याने पहिले काम अचूक केले, हे मी सांगणारच, कारण लोक मला ‘इतके शिकलेले असून कसे फसलात’ असे विचारतात. वाय-फाय आणि झिग्बी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, त्यामुळे एकमेकांत अडथळा येतो, असे सांगून त्याने झिग्बीचे चॅनेल २५ वर नेले, समन्वयक डोंगल, म्हणजे सेन्सरचे संदेश पकडणारी यूएसबी कांडी, लांब यूएसबी केबलने यंत्रापासून दूर ठेवला आणि सेन्सर त्याच दिवसापासून व्यवस्थित चालू लागले. ज्याचे पहिले निदान खरे ठरते, त्याच्या दुसऱ्या सांगण्यावर कोणीही विश्वास ठेवतो.

मग त्याने वीजबचत पेटीचे प्रात्यक्षिक केले. त्या क्षणाचा मला आजही संताप येतो. पंप चालू करून त्याने वायरीभोवती प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि ६.८ अँपिअर हा आकडा दाखवला; पेटी जोडताच तो ५.१ वर आला. “सर, पंचवीस टक्के बचत तुमच्या डोळ्यांसमोर आहे,” असे तो म्हणाला. आमचा वीजमीटर तिथून हातभर अंतरावर होता. त्यावर ‘एका युनिटला ३२०० स्पंद’ अशा अर्थाची नोंद छापलेली आहे आणि त्याचा लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत होता. पेटी जोडल्यावरही तो तितक्याच वेगाने लुकलुकत राहिला. मी त्या दिव्याकडे पाहत होतो, आणि त्याचा वेग कमी का होत नाही हा प्रश्न मी विचारला नाही, कारण माझ्यासमोर धरलेला आकडा खरोखरच खाली आला होता आणि तो क्लॅम्प मीटर बनावट नव्हता.

ही युक्ती अशी आहे. पेटीत कपॅसिटर असतो. पंपाच्या मोटारीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे प्रवाहाचा किती भाग प्रत्यक्ष कामाला लागतो ते प्रमाण, कमी असतो, कपॅसिटर तो सुधारतो आणि वायरीतून वाहणारा प्रवाह कमी होतो. परंतु मोटार प्रत्यक्षात जी वीज खाते ती साधारण ११०० वॉटच राहते, आणि घरगुती ग्राहकाचे बिल याच विजेच्या किलोवॉट-तासांवर, म्हणजे युनिटवर येते. कारखान्यांत कपॅसिटर लावतात हे खरे आहे, कारण तिथे पॉवर फॅक्टरचा बिलावर परिणाम होतो. घरात होत नाही. असे प्रात्यक्षिक कोणी दाखवू लागला, तर क्लॅम्प मीटरकडे पाहू नका; वीजमीटरचा लाल दिवा घड्याळ लावून मोजा.

दोन बिले आली आणि युनिट कमी होण्याऐवजी वाढले. तेव्हा मी प्लगमध्ये लावायचा वॉट मीटर आणून नव्या सर्व्हरवर लावला. काही काम नसतानाही तो ६२ वॉट घेत होता, म्हणजे महिन्याला सुमारे ४५ युनिट. आधीचा रास्पबेरी पाय ५ वॉटच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. वीजबचतीसाठी पैसे घेऊन त्याने वीज खाणारे यंत्र बसवले होते, शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टरही लवकर उतरू लागला. सर्व्हरच्या पेटीवर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असे स्टिकर होते. ते फाडून पाहिले तेव्हा आत चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा जुना कार्यालयीन संगणक आणि फिरती हार्ड डिस्क निघाली. सीलबंद ‘सर्व्हर’ कोणी विकत असेल, तर प्रोसेसरचे नाव, डिस्कचा प्रकार आणि रिकाम्या स्थितीतील वॉट बिलावर लिहून मागा. कमी वीज खाणाऱ्या एन१०० प्रोसेसरचा छोटा संगणक एसएसडीसह (न फिरणाऱ्या डिस्कसह) घेतला असता, तर हेच काम बहुतेक वेळ दहा वॉटच्या आसपास झाले असते.

१८,००० रुपयांचा परवाना म्हणजे रंग आणि बोधचिन्ह बदललेले होम असिस्टंटच होते. ते २०१३ पासून मुक्त स्रोत आहे आणि अपाचे परवान्याखाली कोणालाही फुकट मिळते. बसवण्याची मजुरी मागणे योग्य आहे. परवान्याचे पैसे मागणे ही सरळ लूट आहे.

नेटवर्कचा भाग सर्वांत धोकादायक निघाला. मला ‘स्वतंत्र स्थिर आयपी’ (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) आणि उपकरणांसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) देण्याचे ठरले होते. बसवलेला नेटवर्क स्विच साधा होता, त्यावर व्हीलॅन करताच येत नाही. राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला. हा पट्टा इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी वापरतात, त्यामुळे बाहेरून थेट घरी पोहोचता येत नाही. स्थिर आयपीची मागणी कोणी केलीच नव्हती, असे इंटरनेट कंपनीने कळवले. मग बाहेरगावाहून पंप चालत होता तो कसा? त्या व्यावसायिकाने माझ्या घरापासून स्वतःच्या एका सर्व्हरपर्यंत बोगदा, म्हणजे इंटरनेटवरची कायम जोडणी, टाकला होता आणि माझ्या घराचे कॅमेरे व पंप त्याच्या ताब्यातून जात होते. मी बिलाबद्दल विचारणा करताच बोगदा बंद झाला आणि प्रशासकाचा पासवर्डही बदललेला आढळला. असा बोगदा करणारे वायरगार्ड हे सॉफ्टवेअर २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ते स्वतःच्या नियंत्रणात ठेवून वापरता येते. प्रशासक खाते पहिल्या दिवशी तुमच्या नावावर नसेल, तर उरलेले पैसे देऊ नका.

आता यंत्रणांबद्दल. पोलीस ठाण्यात “अहो, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी वाद आहे,” एवढे ऐकवून अर्जावर पोच द्यायलाही टाळाटाळ झाली. सायबर कक्षाने सांगितले की माणूस घरी येऊन गेला आहे, त्यामुळे हे ऑनलाइन प्रकरण नाही. बँकेने सांगितले की यूपीआय व्यवहार मी स्वतः केला आहे. वीज कार्यालयातील अभियंत्याने त्या पेट्या निरुपयोगी असल्याचे तोंडी मान्य केले, पण दोन ओळी लेखी द्यायला नकार दिला. खोटे प्रात्यक्षिक दाखवून पैसे घेणे, मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना विकणे आणि दुसऱ्याच्या घरातील कॅमेऱ्यांचा मार्ग स्वतःकडे ठेवणे हा जर नुसता दिवाणी वाद असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या कोणासाठी लिहिली आहे, याचे उत्तर मला एकाही टेबलावर मिळाले नाही. प्रत्येकाने पुढचे दार दाखवले आणि प्रत्येक दाराशी मलाच माझ्या शहाणपणाचा खुलासा द्यावा लागला.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रारीचा मजकूर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे टपालाने पाठवता येतो आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी टपालाची पावती जपून ठेवली आहे. त्याचबरोबर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबत वॉट मीटरच्या आकड्यांची छायाचित्रे, मीटरच्या दिव्याची चित्रफीत, होम असिस्टंटच्या आवृत्तीचे पान आणि राउटरच्या पत्त्याचे पान जोडले आहे. एका वीजबचत पेटीचे झाकण मी काढले असले तरी उरलेल्या दोन तशाच ठेवल्या आहेत; ज्यांच्याकडे अशा पेट्या आहेत, त्यांनी त्या रागाने फेकून देऊ नयेत, कारण तज्ज्ञाला तपासणीसाठी न उघडलेली पेटीच लागते.