रस्टचा बॉरो चेकर: वजनकाट्याच्या कामात वापरून

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आम्ही वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो. काटा सिरियल पोर्टवरून ओळ पाठवतो. त्यातला वजनाचा तुकडा उचलायचा आणि ट्रकची पावती छापायची. जुना कोड सी या भाषेतला. हा भाग आता रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय, म्हणून तिच्या बॉरो चेकरबद्दल लिहिते. डेटा उसना घेऊन वापरताना (बॉरो) चूक झाली तर कोड कंपाइल होतानाच अडवणारी ही तपासणी.

आमच्या कामातला खरा धोका एकच. बफरमधल्या (आलेली ओळ तात्पुरती ठेवायच्या जागेतल्या) वजनावर रेफरन्स (कॉपी न करता त्या जागेकडे फक्त बोट) धरून ठेवला आणि पुढची ओळ घ्यायला तोच बफर रिकामा केला, तर या ट्रकच्या पावतीवर नंतरच्या ट्रकचं वजन छापलं जाऊ शकतं. सी हा कोड निमूट कंपाइल करतं. रस्ट ई०५०२ नंबरचा एरर देऊन थांबवतं आणि तीन जागांवर बोट ठेवतं: इथे रेफरन्स घेतला, इथे बफर बदलला, इथे तोच रेफरन्स पुन्हा वापरला. इतका नेमका एरर मेसेज मी दुसऱ्या कुठल्या कंपायलरमध्ये पाहिलेला नाही. छपाईची ओळ बफर रिकामा करण्याच्या आधी नेली की काम झालं, कारण रस्टच्या २०१८ च्या एडिशनपासून (भाषेच्या आवृत्तीपासून) बॉरो कोडचा तो ब्लॉक संपेपर्यंत चालत नाही, रेफरन्सच्या शेवटच्या वापरापाशी सुटतो.

लाइफटाइमला, म्हणजे रेफरन्स कुठवर वैध आहे ते सांगणाऱ्या खुणेला, लोक उगाच घाबरतात. पावतीच्या स्ट्रक्टमध्ये (माहिती एकत्र बांधणाऱ्या साच्यात) स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, रेफरन्स ठेवला की टिक-ए ('a) ही लाइफटाइमची खूण लिहावीच लागते. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना वाटतं, ते लिहिलं की डेटा जास्त वेळ टिकेल. तसं अजिबात नाही! पावती त्या ओळीपेक्षा जास्त जगणार नाही, एवढंच ते कंपायलरला सांगतं. प्रोग्रॅम चालताना त्याचा काही खर्च नाही. आणि पावत्या संध्याकाळच्या रिपोर्टपर्यंत ठेवायच्या असतील तर सरळ स्ट्रिंगची कॉपी करून पावतीच्या मालकीची करावी. एवढ्याशा मजकुरासाठी लाइफटाइमशी झुंजण्यात अर्थ नाही.

उणीव आहेच. हॅशमॅपमध्ये (नावावरून नोंद काढून देणाऱ्या यादीत) नोंद शोधायची, सापडली तर तिचा रेफरन्स परत द्यायचा, नाहीतर नवी घालायची, असं साधं फंक्शन बिनधोक असूनही चेकर कधीकधी नाकारतो. तिथे हॅशमॅपचीच एंट्री ही सोय वापरून वाट काढावी लागते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सी मधून येणाऱ्यांनी एरर आला की लगेच क्लोन (डेटाची कॉपी) टाकू नये. टर्मिनलवर रस्टसी (रस्टचा कंपायलर), एक्सप्लेनचा पर्याय आणि एररचा नंबर द्यावा. उदाहरणासकट पूर्ण खुलासा तिथेच मिळतो, इंटरनेटही लागत नाही.