व्हॅनेडियम डायऑक्साइडची फिल्म: एमएस्सीच्या प्रयोगशाळेसाठी घ्यावी का?

‘मॉट संक्रमण (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणामुळे पदार्थ इन्सुलेटर होणं किंवा त्यातून सुटून धातू होणं) दाखवा’ म्हणून प्रयोगशाळांना विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत सर्वांत सोयीचा नमुना म्हणजे सफायरवरची व्हॅनेडियम डायऑक्साइडची फिल्म. तुकडा 10 मिमी चौरस, थर साधारण 100 नॅनोमीटर. द्रव नायट्रोजन लागत नाही. 68 अंश सेल्सिअसच्या आसपास इन्सुलेटरचा धातू होतो. चांगल्या फिल्मचा रोध लाखभर ओहमवरून काही दहा ओहमवर येतो. शंभर पटींपेक्षा कमी घसरण असेल तर फिल्म परत करावी. बहुतेक वेळा ऑक्सिजनचं प्रमाण चुकलेलं असतं. रामन वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याच्या चाचणीत) 195, 224, 613 प्रति सेंमी या रेषांशेजारी 144 ला ठळक रेषा आली, तर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड मिसळलंय.

मोजणीत मात्र चालढकल चालत नाही. दोन टोकांनी मोजलं तर धातू अवस्थेत तारा आणि चांदीच्या पेस्टचा रोध फिल्मच्या रोधाशी बरोबरी करतो. चार टोकं, 10 मायक्रोअँपिअर स्थिर धारा, तापमानवाढ मिनिटाला 1 अंश. थर्मोकपल हॉटप्लेटला नाही, फिल्मशेजारी सफायरलाच चिकटवावा, नाहीतर तो आणि फिल्म वेगवेगळ्या तापमानाला असतात आणि 5 ते 10 अंशांचं हिस्टेरेसिस (तापवताना आणि थंड होताना संक्रमणाच्या तापमानातला फरक) फुगून दिसतं. इन्फ्रारेड गन तर नकोच: संक्रमणात फिल्मची उत्सर्जकताच (उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता) बदलते. स्थिर व्होल्टेज द्यायचंच असेल तर मालिकेत 1 किलोओहम जोडा. रोध कोसळताच धारा उसळते आणि फिल्म स्वतःलाच तापवत राहते.

खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. प्रत्येक व्हॅनेडियमवर एकच d इलेक्ट्रॉन, तरी थंडपणी पदार्थ इन्सुलेटर. कारण एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन बसवायला लागणारी प्रतिकर्षणाची किंमत, एवढंच तिथे छापलेलं असतं. हे अर्धंच आहे. 68 अंशांखाली व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून सरकतात, म्हणजे जाळीची रचनाही बदलते. नुसत्या जोड्यांवर केलेल्या साध्या बँड-गणनेत (ती इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण नीट धरत नाही) इन्सुलेटरला लागणारी ऊर्जेची फट पुरेशी उघडत नाही, नुसत्या प्रतिकर्षणाने जोड्या समजत नाहीत. मॉट (प्रतिकर्षण) की पायर्ल्स (अणूंच्या जोड्या), हा वाद 1959 मध्ये मॉरिनने हे संक्रमण नोंदवल्यानंतर दशकानुदशकं चालला.

म्हणून सोबत कोबाल्ट मोनॉक्साइडची गोळी ठेवावी. कोबाल्टवर 7 d इलेक्ट्रॉन, विषम संख्या, म्हणजे बँड-सिद्धांताप्रमाणे धातू. त्याची प्रतिलोहचुंबकीय मांडणी (शेजारच्या अणूंचं चुंबकत्व उलटसुलट दिशांना), जिच्यावर इन्सुलेटरपणाचं श्रेय ढकलता आलं असतं, सुमारे 18 अंशांना मोडते. 30 अंशांच्या खोलीत ती नाही, तरी गोळी इन्सुलेटरच. बँड-सिद्धांत इथे चुकतो म्हणून भौतिकशास्त्रज्ञ डी बूर आणि व्हेरवे यांनी 1937 मध्ये बोट ठेवलं ते अशाच ऑक्साइडांवर. पूड हातमोजे घालूनच हाताळावी, आणि ती काळी असेल तर घेऊ नये: त्यात बहुधा Co₃O₄ असतं.