एजंटांच्या आपसातल्या बोलण्यासाठी लिबपीटूपी की नॉस्टर?

दोन वेगळ्या मालकांचे एआय एजंट (स्वतःहून कामं करणारे प्रोग्राम), मध्ये कुठलीही कंपनी न घेता, एकमेकांशी सुरक्षित बोलायला हवेत असं ठरलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात: लिबपीटूपी ही दोन मशीन थेट जोडणारी नेटवर्किंग लायब्ररी, आणि नॉस्टर हा सही केलेले मेसेज रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, पोचवणारा प्रोटोकॉल. मी एकच काम दोन्हींवर चालवून बघितलंय, माझा एजंट घरातल्या छोट्या पीसीवर आणि मित्राचा त्याच्या लॅपटॉपवर, कधी वायफाय तर कधी मोबाइल हॉटस्पॉट.

सुरक्षेचं म्हणाल तर कागदावर लिबपीटूपी सरस आहे हे आधीच सांगतो. आयपीएफएस या फाइल-शेअरिंग नेटवर्कमधून निघालेलं, इथेरियम ब्लॉकचेनचे नोड त्यावर बोलतात, आणि नॉइज किंवा टीएलएस हे एन्क्रिप्शनचे प्रोटोकॉल असल्यामुळे फॉरवर्ड सिक्रसी मिळते, म्हणजे आज प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) चोरीला गेली तरी कालचं बोलणं उघडं पडत नाही. नॉस्टरमध्ये हे नाही. निप-४४चं (निप म्हणजे नॉस्टरचे क्रमांक दिलेले नियम) एन्क्रिप्शन चांगलं आहे, २०२३मध्ये त्याचं ऑडिटही झालं, पण एजंटची प्रायव्हेट की फुटली तर रिलेवर साठलेले जुने मेसेजसुद्धा वाचता येतात. पेशंटचे रिपोर्ट वगैरे पाठवणार असाल तर मला वाटतं निर्णय इथेच होतो.

बाकीच्यांसाठी मात्र घोडं पेंड खातं ते नॅटवर, म्हणजे अनेक मशीननी एकच पब्लिक पत्ता वाटून घेण्यावर. घरचं ब्रॉडबँड सीजीनॅटच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्याच नॅटच्या, मागे, मोबाइलचंही तेच, म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतःचा पब्लिक पत्ताच नाही. लिबपीटूपीचं होल पंचिंग, म्हणजे नॅटमधून थेट वाट काढणं, कधी लागतं कधी नाही, दोन्हीकडे सिमेट्रिक नॅट (दर कनेक्शनला वेगळा पोर्ट देणारं) असेल तर बहुतेक नाहीच, मग सर्किट रिलेवरून, म्हणजे मधल्या तिसऱ्या मशीनमार्फत, जायचं, आणि लिबपीटूपीच्या गो भाषेतल्या लायब्ररीच्या डीफॉल्टप्रमाणे ते कनेक्शन २ मिनिटं किंवा १२८ केबी, जे आधी भरेल तिथे तुटतं. आता एजंटला एखादं मोठं काम दिलं की २ मिनिटं नुसती विचारातच जातात! प्रश्न पोचलाय, उत्तर तयार होतंय, तोवर लाइन कट, परत कनेक्ट, परत हँडशेक, आणि तेवढ्यात समोरचा लॅपटॉप झोपला असेल तर उत्तर द्यायचं कुणाला. व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) स्वतःचा रिले टाकून लिमिट काढता येतं, पण झोपलेल्यासाठी निरोप तो धरून ठेवत नाही, ती रांग आपल्यालाच लिहावी लागते. या एका गोष्टीने मला फार छळलं.

मग वाटलं, शेवटी रिले लागणारच असेल तर रिले धरूनच बांधलेलं काय वाईट. नॉस्टरमध्ये दोघंही बाहेरच्या बाजूला वेबसॉकेट (चालू राहणारं कनेक्शन) उघडतात, नॅटचा प्रश्नच येत नाही, मेसेज रिलेवर पडून राहतो आणि लॅपटॉप उठला की घेतो. प्रत्येक इव्हेंटवर, म्हणजे मेसेजवर, सही असते त्यामुळे रिलेला मजकूर बदलता येत नाही, फार तर गाळता येईल, म्हणून दोन-तीन रिले ठेवायचे.

कटकट इथेही आहे. निप-१७मध्ये, म्हणजे खासगी मेसेजच्या नियमात, मेसेज एन्क्रिप्शनच्या पाकिटात पाकीट असा जातो, आणि वेळेवरून माग लागू नये म्हणून बाहेरच्या पाकिटावरची वेळ मुद्दाम २ दिवसांपर्यंत मागची टाकतात, त्यामुळे दरवेळी २ दिवस मागून मेसेज मागवायचे, आयडी बघून डुप्लिकेट गाळायचे आणि क्रम आतल्या वेळेवरून लावायचा. मोठा डेटाही जात नाही, निप-४४ची मर्यादा ६५,५३५ बाइट आहे आणि पाकिटात पाकीट असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. आणि निप-०४ची, म्हणजे खासगी मेसेजच्या जुन्या पद्धतीची, उदाहरणं कृपया उचलू नका, त्यात कोण कुणाशी बोलतंय ते सगळ्यांना दिसतं.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. सही फक्त कुणी पाठवलं ते सांगते, आतला मजकूर तुमच्या मॉडेलला भलतंच करायला लावणार नाही याची हमी देत नाही. ओळखीच्या कीजची यादी ठेवा आणि ओळखीच्या एजंटलाही मोजकेच अधिकार द्या.

दोन्ही मशीन सर्व्हरवर, चोवीस तास चालू, पब्लिक आयपी आणि स्ट्रीमिंग हवं असेल तर लिबपीटूपी बिनधास्त घ्या. घरचे, झोपणारे-उठणारे एजंट असतील तर मी तरी नॉस्टरच घेईन, फक्त प्रत्येक कामाला वेगळी की काढा आणि काम संपल्यावर दोन्ही बाजूंनी ती पुसून टाका, फॉरवर्ड सिक्रसीची उणीव त्याने थोडी तरी भरून निघते.