जुन्या बोटीचा ट्रान्सम आणि स्ट्रिंगर: इपॉक्सी व मरीन प्लायच्या कामाचा एक पावसाळा आणि एक हंगामानंतरचा अनुभव

बोट १८ फुटी, फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, वय वीस वर्षांच्या पुढे. गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये तिचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलेली मागची उभी फळी, पूर्ण नवा केला आणि दोन्ही स्ट्रिंगरचे, म्हणजे तळाला आतून बळ देणाऱ्या लांब लाकडी तुळ्यांचे, मागचे भाग बदलले. त्यानंतर तिने एक अख्खा पावसाळा किनाऱ्यावर काढला आणि पुढचा सगळा हंगाम पाण्यात. ट्रान्सम आणि स्ट्रिंगरवर इपॉक्सीसाठी (महाग, पण घट्ट धरणारं रेझिन) घातलेला पैसा पूर्ण वसूल झाला. बाकीच्या बोटीला इपॉक्सीची गरज नव्हती आणि तिथे मी पॉलिस्टरच, म्हणजे फायबरच्या कामाचं नेहमीचं स्वस्त रेझिन, वापरलं. हा फरक नीट सांगायचा म्हणून एवढं लांब लिहितोय, कारण कोकण किनाऱ्यावर एक तर सगळं पॉलिस्टरने उरकतात, नाहीतर कुणीतरी इंटरनेटवर वाचून येतो आणि डेकच्या झाकणालाही इपॉक्सी मागतो.

मुळात लाकूड कुजलं कशाने? पावसाच्या पाण्याने. समुद्राचं पाणी लागलं म्हणून बोट गेली असं सगळे म्हणतात, पण लाकूड खाणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही. तिला ओल हवी, थोडी हवा हवी आणि गोडं पाणी हवं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, पर्यटकांच्या बोटी त्याहून जास्त काळ वर ओढलेल्या. तेवढ्या दिवसांत ताडपत्रीच्या घडीतून, स्प्लॅशवेलच्या (ट्रान्समपुढचा, आत उडालेलं पाणी झेलणारा खोलगट भाग) स्क्रूमधून पाणी आत झिरपतं, डेकखाली साचतं आणि बाहेर पडायला वाट नसते. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की प्लायचा चुरा होतो आणि बाहेरचं फायबर मात्र चकचकीत दिसत राहतं.

ओळखायची रीत सोपी आहे. छोट्या हातोडीच्या दांड्याने ट्रान्सम ठोकत जा. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग आतल्या बाजूने ५ मिमीच्या ड्रिलने दोन-चार ठिकाणी भोकं पाडून भुसा तपासा. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळपट, ओला गोळा आला तर वरून पुट्टी मारून वेळ घालवू नका. इंजिनाचा पाय धरून वर-खाली दाबला आणि ट्रान्सम हलताना दिसला, तर ती बोट समुद्रात न्यायचीच नाही. पाऊणशे किलोच्या आसपासचं इंजिन आणि त्याचा सगळा जोर त्या एका फळीवर असतो.

ट्रान्सम आतून उघडला. बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवला की बोटीचा आकार आणि ट्रान्समचा कोन जागेवर राहतो, शिवाय बाहेरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, वाचतो. उघडण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला आणि वरच्या कडेची उंची नोंदवून ठेवली. लाँगशाफ्ट इंजिनाला २० इंच लागतात. त्यात फरक पडला तर पंखा एक तर हवा ओढतो, नाहीतर उगाच खोल जातो. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. बोट टायरवर टेकवून स्ट्रिंगर कापायचे नाहीत. स्ट्रिंगर काढल्यावर तळ मऊ असतो, तो टायरच्या आकारात दबतो आणि नवं लाकूड त्याच वाकड्या आकारात पक्कं बसतं. मागच्या तळाला असा बाक आला की बोट नाळ (पुढचं टोक) खाली घालून पळते आणि पुढे कितीही खर्च केला तरी ते जात नाही. आम्ही तळाला लांब फळ्यांचा आधार दिला आणि नाळेपासून मागपर्यंत दोरी ताणून रोज तपासत राहिलो.

आता प्लाय. दुकानात 'मरीन' हा शब्द फार सैल वापरतात. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) असा शिक्का बघा. या मानकात चिकटवणीची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतात. पण शिक्क्यावर थांबू नका. मला आधी मिळालेल्या शीटवर शिक्का स्पष्ट होता आणि कापल्यावर आतल्या थरांत हाताचं बोट जाईल एवढ्या पोकळ्या निघाल्या. ते परत केलं आणि दुसरीकडून घेताना चारही कडा बघून, ठोकून, उचलून घेतलं. चांगलं शीट हाताला जड लागतं. त्याचे छोटे तुकडे घरी दिवसभर उकळले, एकही थर सुटला नाही. मग १८ मिमीचे दोन थर, मध्ये जाड केलेली इपॉक्सी, असा सुमारे दीड इंचाचा ट्रान्सम केला.

लाकूडच का, असं हल्ली बरेच जण विचारतात. फोमच्या बोर्डाचा ट्रान्सम करता येतो आणि तो कुजत नाही हे खरं. पण इंजिनाच्या बोल्टखाली दबणार नाही इतका घट्ट बोर्ड आपल्याकडे सुट्या शीटमध्ये सहज मिळत नाही आणि हलका बोर्ड घातला तर काही महिन्यांत बोल्ट सैल होतात. नीट बंद केलेलं लाकूड अजूनही चांगला सौदा आहे. कड, टोक, भोक, सगळं बंद झालं पाहिजे. प्लायच्या कडा इपॉक्सी अक्षरशः पितात. म्हणून त्यांना नुसत्या, पातळ इपॉक्सीचे हात द्यायचे आणि पिणं थांबेपर्यंत देत राहायचे.

पॉलिस्टर इथे का नको, याचं कारण चिकटण्यात आहे. नवीन मोल्डमध्ये ओल्यावर ओलं काम असतं तेव्हा पॉलिस्टर उत्तम. पण वीस वर्षं जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं आणि लाकडाला त्याहून कमी धरतं. माझ्या बोटीचा जुना स्ट्रिंगर काढताना त्यावरची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) पटाशीने एका ताणात सोलून निघाली, खाली लाकूड कोरडं होतं तिथेसुद्धा. इपॉक्सीची पकड दोन्हीला चांगली असते. मात्र तिच्याबरोबर साधी चॉप मॅट घेऊ नका. मॅटमधले धागे एकत्र धरणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड घ्या. मी ६०० जीएसएमचं (चौरस मीटरला ६०० ग्रॅम) वापरलं, दोन दिशांचे धागे ४५ अंशात. कोपऱ्यात आधी सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई भरली आणि त्यावर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ५० मिमी पुढे नेला. काटकोनात कापड वळत नाही, खाली हवा राहते आणि तिथूनच तडा सुरू होतो. मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्या) घातलेली हलकी पुट्टी घासायला सोपी, म्हणून कारागीर तीच गोलाईत भरायला बघतात. भार येणाऱ्या जागी ती चालत नाही.

स्ट्रिंगरचं नवं लाकूड जुन्याला १ ला ८ च्या उताराने जोडलं. ते तळावर थेट टेकवायचं नाही, खाली जाड इपॉक्सीची गादी हवी. लाकडाची कड तळाला एका रेषेत टेकली की लाटेचा मार त्या रेषेवर येतो आणि तळ तिथेच फुटतो.

उन्हाळ्यात कोकणात इपॉक्सी हाताळणं कठीण आहे. ३३-३४ अंशांत इपॉक्सी लवकर घट्ट करणारा फास्ट हार्डनर घेतला तर डब्यातलं मिश्रण धूर सोडायला लागतं. स्लो हार्डनर मागा, नसेल तर मागवून घ्या, थांबा. मिश्रण थोडं करा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवायचं. आमचे फायबरवाले मिस्त्री अंगाला खाज येऊ नये म्हणून हातांना खोबरेल तेल लावतात. ते मी बंद करायला लावून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे दिले, कारण तेलाचं बोट लागलेल्या जागी रेझिन धरत नाही. शिवाय इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा अंगात भिनली की माणसाला आयुष्यभर ते काम करता येत नाही. मास्क, हातमोजे, याबाबतीत काटकसर कुठल्याही मालकाने करू नये. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचा. शेवटच्या थरावर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड) लावलं की तो थर त्याच्याबरोबरच निघून येतो.

डेकची झाकणं, स्प्लॅशवेलची वरची बाजू, लॉकर हे सगळं पॉलिस्टर आणि मॅटमध्ये केलं. तिथे भार नाही आणि माझ्या बिलात इपॉक्सीचा दर जवळपास तिप्पट होता. पॉलिस्टर वापरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं) एकमेकांत थेट कधीही मिसळू देऊ नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कोपऱ्यांत ठेवायच्या.

हंगामानंतरची स्थिती अशी. इंजिनाचे बोल्ट पाना लावून पाहिले तर जागेवर घट्ट आहेत. पाय दाबल्यावर ट्रान्सम हलत नाही. ठोकल्यावर सगळीकडे एकसारखा टणक आवाज येतो, ड्रेनच्या (पाणी काढायच्या भोकाच्या) भोवतीसुद्धा, आणि पूर्वी सर्वात आधी तीच जागा गेली होती. प्रत्येक बोल्टचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरलं आणि मग त्यात योग्य मापाचं पाडलं, म्हणजे सीलंट निकामी झालं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. सगळ्या कामात वेळखाऊ आणि कंटाळवाणी पायरी हीच आणि माझ्या मते बोट टिकवणारीही हीच. डेकखालचा भिजलेला फोम काढल्यामुळे बोट मागून वर आली आणि पूर्वीपेक्षा लवकर पाण्यावर चढते. पावसाळ्यात ती नाळ उंच करून आणि ड्रेन प्लग काढून ठेवली होती. सप्टेंबरात उघडली तेव्हा आत ओलाव्याचा वासही नव्हता.

नापसंत गोष्टीही आहेत. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे वरून टू-पॅक (दोन घटक मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग द्यावाच लागतो. तो खर्च सुरुवातीला कुणी सांगत नाही आणि इंजिनाजवळ तो आताच फिकट पडून हाताला भुकटी लागते. रंग पांढराच द्या. साध्या हवेत वाळलेली इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांना मऊ पडू लागते आणि दुपारच्या उन्हात गडद पृष्ठभाग तिथवर पोचतो. स्प्लॅशवेलच्या कोपऱ्यात जेलकोटला केसासारखी चीर आली आहे. घासून पाहिली, खालच्या कापडापर्यंत गेलेली नाही, तरी पुढचा हंगामभर तिच्यावर लक्ष ठेवणार. स्लो हार्डनर छोट्या पॅकमध्ये मिळत नाही ही अडचण खरी आहे, एकाच बोटीचं काम असेल तर उरलेला माल पडून राहतो.

तळाचं मुख्य फायबर शाबूत असेल तरच एवढा खर्च करा. तळच सोलवटलेला असेल तर नवी बोट स्वस्त पडते. आणि किती माल घ्यावा हे विचारणाऱ्यांसाठी: हाताने काम करताना बायअ‍ॅक्सियल कापडाच्या वजनाएवढी इपॉक्सी धरा, गोलाया आणि प्लायच्या कडांसाठी निम्मी वरून. पॉलिस्टरमध्ये मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं.