पट्टी बरोबर, खातं मात्र दुसऱ्याचं: खुल्या गूगल शीटनं केलेला घात

सोयाबीनच्या पैशाच्या याद्या गूगल शीटवर ठेवणारे शेतकरी गट आणि आडत दुकानं आता लातूर, उदगीरपासून परभणी, हिंगोलीपर्यंत सगळीकडं आहेत. गावातला समन्वयक काट्याजवळ उभा राहून मोबाइलवर वजन भरतो आणि मोंढ्यातल्या ऑफिसात ते त्याच क्षणी दिसतं. सोय खरंच मोठी आहे. पण ती लिंक कशी उघडी ठेवली, एवढ्या एका गोष्टीवरून शेतकऱ्याच्या घामाचा पैसा परक्याच्या खात्यात जाऊ शकतो. लातूर जिल्ह्यातल्या एका गटाच्या बाबतीत तेच घडलं. नाव देत नाही, पण प्रकार सविस्तर सांगायलाच हवा, कारण हीच पद्धत आज कित्येक ठिकाणी जशीच्या तशी चालू आहे.

शीटमध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, पोती, वजन, ओलावा, भाव, रक्कम, खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) असे रकाने होते. 212 शेतकरी, 11 गावं. सुरुवातीला शीट 'रिस्ट्रिक्टेड' होती, म्हणजे ज्यांचे ईमेल जोडले त्यांनाच उघडायची. पण समन्वयकांच्या फोनमध्ये दोन-दोन, तीन-तीन जीमेल खाती असतात. चुकीच्या खात्यातून लिंक उघडली की 'रिक्वेस्ट ॲक्सेस'चा पडदा येतो. हंगामात दर अर्ध्या तासाला फोन यायला लागले, "शीट उघडंना झालीय." शेवटी कुणीतरी 'शेअर' बटण दाबून 'जनरल ॲक्सेस'मध्ये 'एनीवन विथ द लिंक' केलं, शेजारी 'एडिटर' निवडलं आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या दिवसापासून लिंक ज्याच्या हाती पडेल तो यादीचा मालक. गूगल खात्यात लॉगिन करायचीही गरज नाही. ग्रुपमधला एखादा जण ती लिंक हमालाच्या मुलाला पाठवतो, तो आणखी कुणाला. वाट लांबत जाते आणि मागं खूण राहत नाही.

धनत्रयोदशीच्या आधी पैसे सोडायचे ठरले. आदल्या रात्री 11:52 ला चार ओळींतले खाते क्रमांक आणि आयएफएससी बदलले गेले. नाव तेच, वजन तेच, रक्कम तीच. उदाहरणार्थ एका ओळीत 18.40 क्विंटल, 4,350 रुपये भाव, 80,040 रुपये. पट्टीशी, म्हणजे वजन, भाव आणि रकमेच्या पावतीशी, ताडून पाहिलं असतं तरी सगळं बरोबरच दिसलं असतं, कारण पट्टीवर खाते क्रमांक नसतो. सकाळी ऑफिसातून शीट डाउनलोड झाली, बँकेच्या पोर्टलवर एनईएफटीची फाइल चढली, एकूण रक्कम जुळली आणि पैसे गेले.

खरी कावेबाज गोष्ट त्यानंतरची आहे. दुपारी 1:20 ला त्याच चार ओळींत मूळ खाते क्रमांक परत टाकले गेले. त्यामुळं संध्याकाळी शेतकऱ्यांचे फोन आले तेव्हा ऑफिसनं शीट उघडून पाहिली, पासबुकाशी ताडली आणि सांगितलं, "खातं बरोबर आहे, बँकेत अडकलं असंल." दोन दिवस बँकेच्या खिडकीवर गेले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बँकेत चढवलेली फाइल आणि शीट शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा चार खाते क्रमांक वेगळे निघाले. अशा फसवणुकीत पहिले काही तासच कामाचे असतात, आणि तेच तास वाया गेले.

"नाव शेतकऱ्याचं आणि खातं दुसऱ्याचं, मग बँकेनं पैसे जाऊ कसे दिले?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकाच्या आधारावर. लाभार्थ्याचं नाव जुळवून मगच जमा करायचं, असं बंधन तिथं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांना लाभार्थ्याच्या खात्यावरचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायची होती. ती सोय वापरायची तर पैसे पाठवणाऱ्यानं ते नाव थांबून वाचायला हवं. 212 ओळींची फाइल एका झटक्यात चढवताना ते कुणी वाचत नाही. शिवाय इथं पैसे गटानंच, स्वतःच्या लॉगिननं पाठवले होते. त्यामुळं खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले तर ग्राहकाला मिळणारं संरक्षण इथं सरळ लागू होत नाही. बँकही हेच कारण पुढं करते.

आता पुरावा. शीटमध्ये 'फाइल' मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आणि त्यात 'सी व्हर्जन हिस्टरी' असतं. उजवीकडं तारीख आणि वेळेसह जुन्या आवृत्त्या दिसतात. एकाच चौकटीचा इतिहास हवा असेल तर त्या चौकटीवर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' दाबायचं. आधी काय होतं, काय झालं, कधी झालं, सगळं बाणानं मागं-पुढं पाहता येतं. हे काम कॉम्प्युटरवरच करावं. या प्रकरणात दोन्ही वेळा दिसल्या, पण बदल करणाऱ्याच्या जागी 'ॲनॉनिमस' एवढंच होतं. लॉगिन न करता आलेल्याचं नाव शीट सांगणार कुठून? ईमेल जोडून दिलेल्या शीटमध्ये तिथंच गूगल खात्याचं नाव आलं असतं.

त्यात आणखी एक चूक झाली, ती कशीबशी सावरली गेली, पण ती फार जणांच्या हातून होते. घाबरून एकानं शीटची कॉपी काढली, मूळ शीट डिलीट केली आणि कॉपीवर काम सुरू केलं. कॉपीमध्ये जुना इतिहास येत नाही. डाउनलोड केलेल्या एक्सेल फाइलमध्येही येत नाही. सगळा पुरावा मूळ फाइलमध्येच असतो. डिलीट केलेली फाइल ड्राइव्हच्या 'ट्रॅश'मध्ये 30 दिवस राहते म्हणून ती परत आणता आली. ट्रॅश रिकामा केला असता तर हाती काहीच उरलं नसतं.

नुसता 'व्ह्यूअर' ठेवला म्हणजे सुटलो, असंही समजू नका. यादी फक्त पाहायला मिळाली तरी भामट्याचं काम होतं. त्याच्या हातात शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, गाव आणि 80,040 हा नेमका आकडा असतो. फोन येतो, "काका, तुमच्या 18 क्विंटल 40 किलोचे 80,040 रुपये केवायसीमुळं अडकलेत, पाठवलेली फाइल इन्स्टॉल करा." आकडा तंतोतंत बरोबर निघाला की माणूस विश्वास ठेवणारच, यात त्या काकांचा काही दोष नाही. ती एपीके फाइल, म्हणजे बाहेरून ॲप बसवणारी फाइल, फोनमध्ये गेली की एसएमएसमधले ओटीपी बाहेर जायला लागतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही, हे प्रत्येक पट्टीच्या मागं छापलं तरी थोडंच आहे.

रकाना 'हाइड' करणं हे संरक्षण नव्हे. पाहणारा शीटची कॉपी काढतो आणि कॉपीत लपवलेला रकाना उघडतो. 'शेअर'च्या खिडकीत वरच्या गिअरच्या चिन्हात पाहणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी करू देण्याची खूण आहे. ती काढावी, पण स्क्रीनशॉट त्यानं थांबत नाही. त्याच गिअरमध्ये एडिटरला इतरांना ॲक्सेस देऊ देण्याचीही खूण आहे. ती काढली नाही तर तुम्ही निवडलेला एडिटर पुढं हव्या तितक्यांना जोडू शकतो.

'डेटा' मेनूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'वर बरेच जण विसंबून असतात. खाते क्रमांकाचा रकाना निवडायचा, 'सेट परमिशन्स'मध्ये 'ओन्ली यू' करायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो बदलता येत नाही. चुकून बोट लागण्यापासून हे चांगलं वाचवतं. पण रकाना दिसतोच आणि कॉपीही होतो. शिवाय असा रकाना मध्ये असला की समन्वयकाला गावाप्रमाणं यादी सॉर्ट करता येत नाही, तो वैतागतो, आणि कुणीतरी कुलूपच काढून टाकतं. बहुतेक ठिकाणी असंच होतं. 'शो अ वॉर्निंग' हा पर्याय तर नुसती सूचना दाखवतो, 'ओके' दाबलं की बदल होतो.

म्हणून खाते क्रमांक त्या शीटमध्ये असूच नयेत. खरा उपाय हाच आहे. गावाकडून वजन भरायला गूगल फॉर्म वापरा. समन्वयकाला फॉर्मची लिंक मिळते, तो शेतकऱ्याचा सभासद क्रमांक, पोती, वजन, ओलावा भरतो आणि सबमिट करतो. दुसऱ्याची नोंद त्याला दिसत नाही, झालेली नोंद बदलता येत नाही. फॉर्मच्या 'सेटिंग्ज'मध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय 'व्हेरिफाइड' ठेवा, म्हणजे लॉगिन केल्याशिवाय भरता येणार नाही आणि प्रत्येक नोंदीपुढं भरणाऱ्याचा ईमेल दिसेल. उत्तरं नंतर बदलू देण्याचा आणि सगळ्यांना सारांश दाखवण्याचा, असे दोन्ही पर्याय बंद. समन्वयकाचा कोणता जीमेल वापरायचा हे हंगामाआधी एकदाच ठरवून वहीत लिहून ठेवा, निम्मे फोन तिथंच बंद होतात.

खात्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, 'रिस्ट्रिक्टेड', दोनच माणसांकडं. खाते क्रमांकाचा रकाना आधी 'फॉरमॅट', 'नंबर', 'प्लेन टेक्स्ट' असा करून मगच भरा. नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं आणि 16 आकडी खात्याचा शेवटचा आकडा बिघडतो. मग खरी गडबड आणि साधी चूक यांतला फरकच कळत नाही. 'इम्पोर्टरेंज'नं, म्हणजे एका शीटमधली माहिती दुसरीत ओढणाऱ्या सूत्रानं, ही फाइल गावाच्या शीटला जोडू नका. एकदा परवानगी दिली की त्या शीटचा एडिटर मूळ फाइलमधला कोणताही भाग ओढून घेऊ शकतो.

खातं बदलायचं असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स हातात घेऊन आणि आधीपासून नोंदलेल्या मोबाइलवर स्वतः फोन लावूनच. नव्या नंबरवरून आलेल्या "माझं खातं बदला" या मेसेजवर कधीच नाही.

पैसे सोडायच्या दिवशी दहा मिनिटांची एक तपासणी पुरते. यादी पक्की झाली त्या दिवशी सगळ्या खाते क्रमांकांचे शेवटचे चार आकडे वेगळ्या रकान्यात काढा आणि त्यांची बेरीज करा. या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नाही, पण ती कागदावर लिहून दोघांनी सही करा. बँकेत चढवायच्या फाइलवर तीच बेरीज पुन्हा करा. एक जरी खातं बदललं असेल तरी आकडा बहुधा हलतो. रकमेची बेरीज जुळून इथं काही उपयोग नव्हता, कारण रकमेला कुणी हात लावलाच नव्हता. दुसरं, आयएफएससीच्या रकान्याला फिल्टर लावा. कोड 11 अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. एका गावातल्या लोकांची खाती सहसा दोन-तीन शाखांतच असतात. ज्या शाखेचा कोड अख्ख्या यादीत एकदाच आलाय, ती ओळ उघडून बघा. त्या चार ओळी या एका नजरेत सापडल्या असत्या.

फसवणूक झालीच असेल तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले तो क्रमांक जवळ ठेवा. पैसे अजून खात्यात असतील तर तिथंच रोखता येतात, एटीएममधून निघाले की संपलं. त्याच दिवशी स्वतःच्या बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जबाब. शीट 'रिस्ट्रिक्टेड' करा, पण डिलीट करू नका, कॉपीवर जाऊ नका. व्हर्जन हिस्टरीत त्या वेळेच्या आवृत्तीला नाव द्या आणि पडद्याचं रेकॉर्डिंग करून ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल कोणाच्या खात्यात आहे हे स्पष्ट असावं. दुसऱ्याचं रूप घेऊन संगणकाच्या मदतीनं फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.

गेल्या हंगामाच्या शीटही आज उघडून बघा. त्या लिंका जुन्या ग्रुपमध्ये अजून पडून आहेत आणि अजून चालतात. प्रत्येक फाइलचा 'जनरल ॲक्सेस' 'रिस्ट्रिक्टेड' करा. 'फाइल', 'शेअर', 'पब्लिश टू वेब' असं कुणी कधी दाबलं असेल तर ते तिथंच जाऊन वेगळं बंद करावं लागतं, शेअरिंग बंद केल्यानं ते बंद होत नाही.