नागदेवीचा नंबर-पंच संच आणि ऑर्डरचा नावाचा ठसा

सुरी, अडकित्ता, पितळी समई, चांदीचं कडं अशा हाताने घडवलेल्या वस्तूवर नाव-नंबर उमटवायचा असेल तर मुंबईत दोन वाटा आहेत. एक म्हणजे मशीद स्टेशनच्या पश्चिमेला नागदेवी स्ट्रीटवर मिळणारे तयार पंच, म्हणजे तोंडावर आकडा किंवा अक्षर असलेले, हातोडीने ठोकायचे पोलादी दांडे. दुसरी म्हणजे झवेरी बाजार-भुलेश्वरकडच्या डाय (ठशाचे साचे) कोरणाऱ्यांकडून करून घेतलेला स्वतःच्या नावाचा पंच. निकाल आधीच सांगून टाकतो: नंबरासाठी नागदेवीचा संच पैसे वसूल करतो, नावासाठी सुटी अक्षरं घेऊ नका.

तयार संचाचं गणित सोपं आहे. आकड्यांच्या डबीत नऊ पंच असतात, दहावा शोधत बसू नका. सहा उलटा धरला की नऊ. अक्षरांच्या डबीत सत्तावीस, म्हणजे इंग्रजीची सव्वीस आणि ‘अँड’चं चिन्ह (&). मापं १ मि.मी.पासून १२ मि.मी.पर्यंत मिळतात, पण हातकामाला दोनच लागतात: दागिन्याला १.५, सुरी-भांड्याला ३. माप म्हणजे अक्षराची उंची, दांड्याची जाडी नाही. फोनवरून मागवताना घोळ होतो तो इथेच. आणि ‘उलटा’ संच कुणी गळ्यात मारत नाही ना, ते बघा. तो साचे करणाऱ्यांसाठी असतो. वस्तूवर मारला तर आकडा आरशातल्यासारखा दिसतो.

आता खरेदी. देशी संचात दोन डब्या सारख्या निघत नाहीत, त्यामुळे डबी बघून नाही, पंच बघून पैसे द्यायचे. खिशात एक लहान स्टॅम्प पॅड आणि कोरा कागद असू द्या. पंचाचं तोंड पॅडवर टेकवून कागदावर दाबलं की आकडा सुलटा उमटतो आणि संचाची कुंडली बाहेर येते: आठाचा वरचा डोळा बुजलेला, पाचाची शेपटी झडलेली, चार दांड्याशी तिरका बसलेला. यातला तिरकेपणा सगळ्यात वाईट. हात दांडा सरळ धरतो आणि आकडा कलंडतो, त्यावर सरावाचा काही इलाज नाही. दांडे पट्टीला टेकवून नऊच्या नऊ आकडे एका ओळीत उमटवा. तळरेघ अर्धा मिलिमीटर जरी वरखाली झाली तरी दुसरी डबी मागा.

दुसरी तपासणी कानशीची. तोंडाच्या बाजूला बारीक कानस घसरली पाहिजे आणि जिथे हातोडी बसते त्या टोकाला ती चावली पाहिजे. तोंड कडक, डोकं नरम, हाच पंचाचा खरा गुण. डोकंही कडक ठेवलं असेल तर त्याची कपची उडते आणि ती डोळ्याच्या दिशेने यायला वेळ लागत नाही. दुकानदार तोंडाला कानस लावू देत नसेल तर निदान डोक्याला लावून बघाच. चकचकीत मुलाम्याला भुलू नका, त्या थराखाली बारीक आकड्यांच्या कडा गोलावतात. शेफिल्डच्या प्रायरसारख्या १८४९ पासूनच्या कारखान्याचे पंच अर्थातच वरच्या दर्जाचे, पण महिन्याला चार-पाच वस्तू करणाऱ्याला नीट निवडलेला देशी संच पुरतो.

घरी आणल्यावर पहिलं काम: प्रत्येक दांड्यावर, आकड्याच्या पायाकडच्या बाजूला, कानशीने एक खाच घ्या. ती खाच अंगठ्याखाली आली की पंच सुलटा. छापील खुणेवर भरवसा ठेवू नये, स्वस्त संचात एकाच डबीत ती वेगवेगळ्या बाजूंना सापडते.

सुटी अक्षरं नावासाठी का नकोत? दांडा अक्षरापेक्षा बराच रुंद असतो, त्यामुळे पंचाला पंच लावून मारलं की नाव विस्कटलेलं दिसतं. जवळ आणायचं तर प्रत्येक अंतर डोळ्याने ठरवावं लागतं, त्यात ‘आय’ अरुंद आणि ‘डब्ल्यू’ ऐसपैस. सहा अक्षरांच्या नावात चुकायच्या सहा जागा, आणि एक चुकलं की वस्तू भंगारात. देवनागरीत तर हा मार्गच बंद आहे: सुट्या ठशांनी शिरोरेघ जुळत नाही.

म्हणून नावाचा अख्खा एकच पंच करून घ्यावा. डायवाल्याला मजकूर कागदावर लिहून देऊ नका, कोरल ड्रॉ या संगणकावरच्या आखणीच्या सॉफ्टवेअरची फाइल द्या आणि अक्षरं बाह्यरेषांत बदलून द्या, नाहीतर त्याच्या मशीनवर फॉन्ट बदलतो. सगळ्यात बारीक रेघ ०.३ मि.मी.पेक्षा कमी नको. देवनागरीत अक्षराची उंची ३ मि.मी.च्या खाली गेली की ‘श’, ‘क्ष’, ‘ण’ यांच्या पोटातली जागा बुजते. सुटा अनुस्वार पंचावर एकट्या टोकासारखा उभा राहतो आणि सगळ्यात आधी तोच तुटतो. तो जरा जाड काढायला सांगा. रेघेच्या बाजू उतरत्या हव्यात, वर निमुळत्या आणि बुडाशी रुंद. सरळ भिंतीची अक्षरं धातूत अडकतात आणि झडतात. पोलाद टूल स्टीलच (हत्यारांसाठीचं पोलाद) असावं आणि पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून बुडवून कडक केल्यावर, कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर ५८ ते ६० च्या आसपास यावा. हे आकडे बिलावर लिहून घ्या. पंच हातात घेण्याआधी शिशाच्या तुकड्यावर एक ठसा मारून मागा, तोंडी खात्रीवर जाऊ नका. या कामात तक्रारीची जागा एकच, पण मोठी: वेळ. आठवड्याचा वायदा दिवाळी-लग्नसराईत सहज लांबतो.

मारण्याची पद्धत. धातू आधी नरम करा. तांबं मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं तरी चालतं, पितळ मात्र हवेतच निवू द्यावं. सुरीवर ठसा पाणी देण्याआधी मारायचा. पाणी दिलेल्या पात्यावर मारला तर पातं ऐकत नाही, पंच तुटतो. तयार पात्यावर नाव हवंच असेल तर ॲसिडने, विजेने किंवा लेझरने कोरणं हाच मार्ग. स्टेनलेसची गोष्ट वेगळी, ते ठोक्यागणिक कडक होत जातं आणि बारीक आकड्यांच्या कडा खातं.

वस्तू थेट ऐरणीवर किंवा जाड पोलादी ठोकळ्यावर ठेवा. खाली लाकूड किंवा रबर असलं तर ठोका उसळतो आणि दुहेरी ठसा पडतो. आखणीने रेघ ओढा, रेघेवर पोलादी पट्टी शिकंज्याने आवळा आणि पंच तिला टेकवा. नंबर मधल्या आकड्यापासून दोन्ही बाजूंना मारत गेलात तर तो आपोआप मध्यावर बसतो. १.५ मि.मी.ला २०० ग्रॅमची हातोडी बास. ३ मि.मी.ला पितळावर अर्धा किलो, नरम लोखंडावर किलोच्या आसपास. ठोका एकच, सरळ आणि मनात किंतु न ठेवता. नावाचा पंच १५ मि.मी.पेक्षा लांब असेल तर हातोडीचा नाद सोडा आणि फ्लाय प्रेसवर (स्क्रूने दाब देणाऱ्या हातयंत्रावर) दाबून घ्या, कारण हाताने एक टोक खोल आणि दुसरं पुसट येतंच. पुसट राहिलंच तर पंच आधीच्या खाचेत परत बसवा, बसल्याचं बोटांना कळतं, मग पुसट बाजूकडे किंचित कलवून दुसरा ठोका द्या.

ठशाभोवती धातूची कड वर येते. ती सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने काढा, आधी २२० नंबरच्या, मग ४०० नंबरच्या. बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरलीत तर अक्षरांच्या कडाही जातात. सुरीवर पुढे घासकाम बाकी असतं, म्हणून तिथे ठसा जरा खोलच हवा. एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर मागे फुगवटा येतो, तिथे नाव-नंबराची वेगळी पट्टी करून रिव्हेटने बसवावी.

सोन्याचं काम असेल तर स्वतःचं नाव घालायला हरकत नाही, पण हॉलमार्क हा आपल्या पंचाचा विषय नव्हे. जुलै २०२१ पासून त्यात बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अशा तीन खुणा असतात, आणि त्या मान्यताप्राप्त केंद्रातच उमटतात. कुणी डायवाला बीआयएसच्या चिन्हाचा पंच करून द्यायला तयार झाला तरी घेऊ नका, तो सरळसरळ गुन्हा आहे.

नंबर देताना ६६ आणि ९९, ६८ आणि ८९ यांचा विचार आधी करा. सुरीला वर-खाली असतं, कड्याला किंवा गोल झाकणाला नसतं. अशा वस्तूवर आकड्यांखाली एक टिंब मारा किंवा पुढे वर्ष जोडा. ठसा मारला की लगेच वहीत नोंद. संध्याकाळवर टाकलेली नोंद राहून जाते आणि मग एकच नंबर दोन वस्तूंवर पडतो.

मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर पंच उघडे ठेवले तर आकड्यांच्या पोटात गंज धरतो आणि तो पुढच्या चांदीच्या ठशात दिसतो. वापरून झालं की ब्रशने तोंड साफ करून मशीन ऑइलचा हात फिरवा. संचासोबत येणारा फोम काढून टाका, तो ओल धरतो. ठोकून ठोकून डोकं पसरलं की ग्राइंडरवर कड उतरवून घ्या, आणि गॉगल घालूनच.